आत्याबाईंची न्याहारी

(अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव येथे महिला मंडळे व बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिलाय 'स्त्रिया, आहार आणि आरोग्य'. विषय एवढा मोठा आहे की त्यात बोलणारीही हरवते आणि ऐकणारीही. म्हणून मी तो आखडून घेतलाय. मी आज एकाच न्याहारीबद्दल बोलणार आहे. माझ्या सासूबाईंच्या. आमच्या घरात त्यांना आत्याबाई म्हणतात. त्यांनी आता पंच्याहत्तरी ओलांडलीय, पण आमच्या भावकीत अजून कुणी सकाळी दारावरून गेलं तर नाकानं ओळखतं की आत चूल पेटलीय.

मी १९९१ साली लग्न होऊन अणदूरला आले. माहेर सोलापूरचं. आई विड्या वळायची. आमच्याकडे सकाळ म्हणजे चहा आणि त्यात बुडवलेला बटर, तोही सगळ्यांना पुरला तर. हजार विड्या व्हायच्या तर आईला सूप मांडीवर घेऊन बसावं लागायचं, चुलीपुढे नाही. त्यामुळे सकाळी भरपेट खायचं असतं हे मला सासरी येऊन कळलं. पहिल्या आठवड्यात मी नुसती बघत बसले होते. आत्याबाई काटवटीत ज्वारीचं पीठ घ्यायच्या, आधणाचं पाणी ओतून मळायच्या आणि थापायला लागल्या की हाताखाली भाकरी आपोआप गोल फिरायची. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. सगळी करामत गरम पाण्याची आणि तळहाताची. पीठ शिळं असेल, विरी गेलेलं असेल, तर कितीही कसबी हात असो, भाकरी कडेनं चिरते. तव्यावर पाण्याचा हात फिरवलेली बाजू वर, मग उलथायची, मग विस्तवाला लावून फुगवायची. ती दुरडीत पडायच्या आत दुसरी तव्यावर.

आणि तोंडी लावायला? शेंगदाण्याची चटणी, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली. हिरव्या मिरचीचा ठेचा. बुक्कीनं फोडलेला कांदा. घट्ट दही. वैलावर पिठलं, नाहीतर येसर लावलेली आमटी. थंडीत हुलग्याचं माडगं, म्हातारी माणसं त्याशिवाय उठायचीच नाहीत. करडईची कोवळी भाजी असेल तर ती. रविवारी पोरांसाठी धपाटे. पाहुणे आले की सुशीला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सुशीला नावाची कुणी बाई यायचीय! (हशा) चुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीत परतायचे आणि वरून डाळ्याचं कूट घालायचं. कन्नडमधल्या 'सुसला'चं आमच्याकडे सुशीला झालं. उप्पीटही तसंच. 'उप्पु' म्हणजे मीठ आणि 'हिट्टु' म्हणजे पीठ. पुण्याकडच्या बाया त्याला सांजा किंवा उपमा म्हणतात, आपण अजून कन्नड नावानंच मागतो.

आपलं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. कर्नाटकाची शीव जवळ. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. आपला खंडोबासुद्धा वर्षातले काही महिने अणदूरला राहतो आणि काही महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. देवाला दोन घरं, तर ताटाला चार का नसावीत? आपली न्याहारी ही अशी दख्खनची आहे. भाकरी आपली, सुशीला कन्नड, सकाळची खिचडी हैदराबादी आणि चहा रस्त्यावरच्या हॉटेलाचा. हे सगळं एका चुलीवर कुणी आणलं? बायांनी आणलं. इथल्या मुली आळंद-कलबुर्ग्याकडे दिल्या, तिकडच्या इकडे आल्या, आणि येताना हाताची सवय घेऊन आल्या. इतिहासाच्या पुस्तकात राज्यांच्या सरहद्दी लिहिल्या जातात, सुनांनी सासरी नेलेलं कालवण कुठे लिहीत नाहीत.

हे मी चवीनं सांगतेय, त्याला कारण आहे. आपल्या चळवळीत स्वयंपाकाबद्दल बोलताना 'चूल आणि मूल' असं म्हणून आपण तो विषय एका ओळीत संपवतो. मला ते कधी पटलं नाही. आत्याबाईंच्या हातात जे आहे ते कसब आहे. पंचवीस भाकऱ्या एकसारख्या थापणं, विस्तव ना जास्त ना कमी ठेवणं, कुठली ज्वारी कधी दळायची, माडग्याला हुलगा किती भाजायचा. गवंड्याच्या हाताला आपण कसब म्हणतो, लोहाराच्या हाताला म्हणतो. भाकरी थापणारीला फक्त 'हाताला चव आहे' म्हणतो, जशी काही ती चव देवानं फुकट दिलीय आणि त्यामागे पन्नास वर्षांच्या पहाटा नाहीत.

तर त्या पहाटांचा हिशोब करू. आत्याबाई चारला उठायच्या. शेणकूर, सडा, पाणी. पाणी म्हणजे नळ नव्हे, आड. आणि आडानं तळ गाठला की दुसऱ्याच्या विहिरीवरची रांग. मग सरपण, चूल, चहा. पावणेसहापासून भाकरी. माणसं किती? सासरे, तीन मुलगे, एक सालगडी, आम्ही सुना, पोरं. आठ-साडेआठला गडीमाणसं जेवून बाहेर. मग शेतावर न्यायची न्याहारी फडक्यात बांधायची. मग भांडी. त्यांच्या तरुणपणी याच्याही आधी जातं होतं. पहाटे जात्यावर बसायचं, दळताना ओव्या म्हणायच्या. या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांनी मुळशीच्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायांना घेऊन गोळा करायला सुरुवात केली, आणि पुढे महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या जमल्या. एवढं मोठं साहित्य पिठासाठी उठलेल्या बायांनी अंधारात केलं. मग गावात गिरणी आली. आत्याबाई म्हणतात, "गिरणी आली आन् हात मोकळं झालं." मी विचारलं, मग त्या वाचलेल्या वेळात काय केलं? त्या हसल्या. "शेतात लवकर जायला लागलो की."

हे नीट ऐका. गिरणीनं वाचवलेला वेळ बाईला मिळाला नाही, शेताला मिळाला. गॅसचंही बऱ्याच घरांत असंच झालं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरात आला. चहाला, पोरांच्या दुधाला तो वापरतात. पण सिलिंडर भरून आणायचा तर पैसे मोजावे लागतात आणि बाईनं आणलेल्या सरपणाला कुणी पैसे मोजत नाही, म्हणून पंचवीस भाकऱ्या अजून चुलीवरच होतात. पुरुष म्हणतात, चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी. असेलही. धुराची चव मात्र एकटीलाच कळते.

सरकारनंही आता हा वेळ मोजलाय. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरातलं बिनमोलाचं काम करणाऱ्या बायांचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, म्हणजे जवळपास पाच तास. अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ साली पुन्हा मोजलं. बायांचा झाला २८९, पुरुषांचा ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषाची नऊ! कमी झालेलं काम पुरुषांनी उचललेलं नाही एवढं तरी यातून दिसतं. आणि हा नुसता घरकामाचा हिशोब आहे. त्याच बायका पुढे दिवसभर खुरपायला जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं तर विचारूच नका. मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक कोयता. फडावर निघायच्या आधी रात्री तीनला उठून तिनं थापलेल्या भाकऱ्या त्या कोयत्याच्या कुठल्याच हिशोबात येत नाहीत.

आता मी मूळ मुद्द्याकडे येते. ही एवढी खमंग, भरपेट न्याहारी. खाल्ली कुणी?

आधी सासरे आणि सालगडी. मग मुलगे. मग पोरं. मग कुणी आलं-गेलं. मग सुना, उभ्याउभ्या, भांड्यांच्या मध्ये. आणि सगळ्यात शेवटी आत्याबाई, अकरा-साडेअकराला. दुरडीच्या तळची भाकरी, घाम धरून मऊ पडलेली. पिठलं खरवडून. दही संपलेलं असायचंच. पहाटे चारपासून तोपर्यंत पोटात काय? चहा. दोनदा, कधी तीनदा. आत्याबाई म्हणायच्या, "मला सकाळी भूकच लागत नाही." मला कितीतरी वर्षं हे खरं वाटत होतं. मग गावोगावच्या बाया हेच वाक्य बोलताना ऐकलं, शब्दही तेच. सगळ्या जिल्ह्यातल्या बायांची भूक एकाच वेळी बरी मरते! भूक मरत नाही. चहानं ती दाबली जाते आणि वर्षानुवर्षं दाबली की बाईला स्वतःलाच तिचा पत्ता लागत नाही.

चहाचं आणखी एक आहे. अन्नातलं लोह शरीरात शिरायला चहा आडवा येतो. आपल्या ज्वारीत लोह आहे, हुलग्यात त्याहून जास्त आहे, तिळात आहे, पालेभाजीत आहे. पण भाकरीबरोबर किंवा लगेच वरून चहा प्यायला की त्यातलं बरंचसं वाया जातं. म्हणून हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा नको. उलट लिंबू पिळलं, कच्ची कोबी-टोमॅटो घेतली, आवळा खाल्ला तर लोह चांगलं शोषलं जातं. मोड आणल्यानं, आंबवल्यानंही फायदा होतो. आपली आंबील ही काही अडाण्याची खाणी नव्हती. तिच्यामागे शहाणपण होतं.

हे मी का सांगतेय ते आकड्यांवरून कळेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच्या आधीच्या पाहणीत, २०१५-१६ ला, हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दर दोघींत एकीहून जास्त. तुमच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या बाईकडे बघा. ती थकलेली दिसते, तिला जिना चढताना धाप लागते, ती चिडचिड करते. आपण म्हणतो, 'तिचा स्वभावच तसा.' स्वभाव नसतो तो, रक्त कमी असतं. त्याची कारणं अनेक आहेत. पाळीत फार अंगावर जाणं, जंत, लागोपाठची बाळंतपणं, गोळ्या न मिळणं किंवा मिळून न खाणं. सगळं एका न्याहारीवर ढकलायचं नाही मला. पण जिच्या पोटात पहिला घास अकराला जातो, तिला गोळ्याही सोसत नाहीत. रिकाम्या पोटी लोहाची गोळी घेतली की मळमळतं, मग ती पुडी शिंक्यावर पडून राहते.

आमच्या घरात हे उघड झालं ते माझ्या धाकट्या जाऊबाईच्या दुसऱ्या खेपेला. तपासणीत रक्त सात भरलं. गरोदर बाईला ते अकरा तरी हवं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळी काय खातेस?" ती म्हणाली, "चहा." हे घरी कळलं तेव्हा आत्याबाईंना फार लागलं. त्या कंजूष नव्हत्या. दारचा भिकारी त्यांनी कधी रिकाम्या हातानं पाठवला नाही. "माझ्या घरात पोटुशी बाई उपाशी? लोकं काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांचं राहू द्या, ती बसणार कधी ते सांगा. पुरुष उठल्याशिवाय सुनेनं बसायचं नाही ही रीत या घरात कुणी आणली? त्या गप्प. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यातून आल्या. आमची म्हैस तेव्हा गाभण होती. तिच्यापुढे पेंड-सरकीचं टोपलं ठेवून आलेल्या. चुलीपुढे बसल्या आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मुकं जनावर. त्याला येळंवर घालतो. ह्या तर बोलत्या बाया." पहिल्या दोन भाकऱ्या निघाल्या तशा ताटलीत घातल्या, वर दह्याचा गोळा, आणि जाऊबाईला हाक मारली. ती म्हणाली, भाजी निवडून येते. आत्याबाई म्हणाल्या, "काय करलालीस, भाजी पळून चाललीय का? खाऊन घे आधी."

हे इतकं सोपं संपलं नाही. संपलं असतं तर मी इथे उभी नसते. सासऱ्यांना न्याहारी वीस मिनिटं उशिरा मिळायला लागली. त्यांची कुरबूर झाली. मोठे दीर म्हणाले, बायांचे लाड चाललेत. गाभण म्हशीच्या पेंडीला लाड कुणी म्हटलं नव्हतं! मग भांडण, मग अबोला, मग एक तोडगा. दुरडी चुलीपासून उचलून मधल्या घरात ठेवायची, शेजारी चटणी, दही, कांदा. ज्याला घाई आहे त्यानं आपल्या हातानं घ्यावं. वाढायला कुणी उभं राहणार नाही. एवढं एक झालं आणि वाढण्याचा, 'आणखी एक गरम आण'चा अर्धा तास सुटला. त्या अर्ध्या तासात तीन बाया बसून खाऊ लागल्या. धाकटे दीर पुढे भाकरी करायलाही शिकले. त्यांची फुगत नाही. कडक होते. पण ते मुकाट खातात आणि पोरंही खातात, आणि कडक भाकरी आपल्या सोलापूर-कलबुर्ग्याकडे तशीही विकत घेऊन खातात की! त्याच कडक भाकरीवर कितीतरी बायांचे संसार चाललेत. मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेही याच भाकरीच्या जोरावर. घरात जिला किंमत नाही, तिला घराबाहेर भाव मिळतो. याचा अर्थ किंमत नाही म्हणणं ही सोय आहे, वस्तुस्थिती नाही.

काही जणी म्हणतील, ताई, तुमच्याकडे दुरडीभर भाकऱ्या होत्या म्हणून आधी कुणी खायचं याचा वाद. आमच्याकडे दुरडीच रिकामी. खरं आहे. म्हणून दुरडी भरते कुठून ते बघावं लागेल.

आत्याबाईंना १९७२ चा दुष्काळ आठवतो. तेव्हा त्या बावीस-तेवीस वर्षांच्या, मांडीवर मूल. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. तेव्हा अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा, लाल ज्वारी. त्याची भाकरी कशीही थापली तरी तुटायची. पोरांना सुकडी. त्या म्हणतात, मिलोनं जीव वाचला पण तोंडाला चव आली ती पुढच्या रब्बीची मालदांडी घरात आल्यावर. मालदांडी म्हणजे आपल्या सोलापूर-धाराशिवच्या काळ्या रानाची ज्वारी. थंडीच्या ओलीवर येते, दाणा टपोरा, भाकरी पांढरी, आणि कडबा जनावरांना.

ती ज्वारी आता किती रानात दिसते? सोयाबीन आलं. सोयाबीन नगदी, सगळंच्या सगळं बाजारात जातं. एक दाणा दुरडीत येत नाही, जनावराला कडबा नाही. त्याच्यामागे पेरायला वेळ उरतो तो हरभऱ्याला, ज्वारीची पेरणी हुकते. मग आपण ज्वारी विकत आणतो, नाहीतर रेशनचा गहू-तांदूळ खातो. सोयाबीनचे पैसे कुणाच्या खिशात जातात हेही तुम्हाला माहीत आहे. २०२३ साल जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं, सरकारनं ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' नाव दिलं. नाव छान आहे. पण शहरात ज्वारीचे लाडू पाकिटात आले आणि जिनं ज्वारी पिकवली तिच्या ताटात रेशनचा भात. एक मात्र सांगते, ज्वारी कमी झाली त्याला बायांचंही मत असू शकतं. काढणीचं काम जीवघेणं, हात सोलून निघतात, अंगाला कूस लागते. मजुरी मिळते तीही पुरुषापेक्षा कमी. ज्वारी परत आणा म्हणणाऱ्यांनी आधी काढणीच्या मजुरीचं बोलावं.

तरीही मार्ग काढलेत बायांनी. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूरकडचं सगळं तुम्ही पाहिलंय, तुमच्यातल्या कितीजणींची माणसं त्यात गेली. त्यानंतर घरं बांधायच्या कामात बायांना पुढे आणणाऱ्या संस्थांपैकी एक स्वयं शिक्षण प्रयोग. पुढे दुष्काळाच्या वर्षांत त्यांच्या गटांतल्या बायांनी घरच्या जमिनीतला एक एकर मागितला. सबंध रान नाही, एकच एकर. त्यात काय पेरायचं ते मी ठरवणार. ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला, जे घरात खायचं ते. आपल्या अणदूरात हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यापाड्यातल्या बायांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. ज्यांना अंगठा येत होता त्या रक्तदाब बघू लागल्या. मग एका एकराचा निर्णय घेणं त्यांना जड आहे का? जड आहे ते घरातल्यांना.

कारण सातबाऱ्यावर नाव नसतं. १९८६ साली चांदवडला शेतकरी बाया लाखोंनी जमल्या, त्यानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, बायकोच्या नावे जमीन करा म्हणून. १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा कायद्यानं मिळाला. रेशनकार्डावर तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली थोरली बाईच कुटुंबप्रमुख. धान्य तिच्या नावावर, रान मात्र त्याच्या. वेळ अमावास्येला आपण काय करतो आठवा. रात्रभर जागून भज्जी, उंडे, आंबील, खीर. डोक्यावर टोपलं घेऊन रानात. आधी काळ्या आईला घास, मग पांडवांना, मग पाहुण्यांना. रानाला जेवू घालणारी बाई. पण त्या रानाच्या कागदावर ती कुठेच नाही.

आणि न्याहारी ही फक्त घरातल्या बाईची जबाबदारी का असावी? दक्षिणेकडे बघा. तमिळनाडूनं १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत पोरांना सकाळची न्याहारी सुरू केली, २०२३ मध्ये ती राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. उप्पीट, खिचडी, पोंगल. रांधणाऱ्या बचत गटातल्या बाया, आणि त्याचे त्यांना पैसे मिळतात. आपल्याकडे दुपारची खिचडी शाळेत आहे. सकाळी आठला पोर रिकाम्या पोटी वर्गात बसतं आणि त्याची आई रिकाम्या पोटी खुरपायला जाते. आपली सुशीला, आपलं उप्पीट, आपलं हुलग्याचं माडगं शाळेत का नको? ही मागणी आपण करायला हवी. मात्र एक अट घालून. रांधणारीला मानधन नको, मजुरी हवी. 'मानधन' या शब्दात मान किती आणि धन किती हे अंगणवाडी ताईंना विचारा.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं तीन गोष्टी लिहून आणायच्या. लिहिता येत नसेल तिनं शेजारणीकडून लिहून घ्यायच्या. एक, सलग सात दिवस सकाळचा पहिला घास किती वाजता खाल्ला, आणि चहा धरायचा नाही. दोन, घरात आधी कोण जेवलं, शेवटी कोण. तीन, गेल्या रब्बीत आपल्या रानात ज्वारी किती पेरली आणि ते कुणी ठरवलं. सगळ्यांचे कागद एकत्र करून आपण फळ्यावर मांडू, आणि त्यावरून एक एकराची मागणी कुठल्या वाड्यांवर आधी न्यायची ते ठरवू. सासू-सुना दोघी गटात असतील तर दोघींनी वेगवेगळं लिहायचं. आत्याबाईही लिहून देणार आहेत. मी त्यांचा कागद बघायचा नाही असं त्यांनी मला आधीच बजावलंय.